वखारीतला दसरा

नंदुरबार,
ता. २० नोव्हेंबर १९४३

ती. सौ. रेवाताईस,

रतिलालचा नमस्कार. मी खुशाल आहे. दाजींचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो. सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आली, म्हणजे तुझं घर पाहुण्यांनी भरणार. त्यात माझीही एक भाकरी धर.

लायब्ररीची बातमी अशी. मुंबईवर बाँब पडतील म्हणून युनिव्हर्सिटीने गेल्या वर्षी जी जुनी पुस्तकं इथल्या कापसाच्या जिनाच्या वखारीत ठेवली होती, ती परत गेली. बाँब काही पडला नाही. जिनवाले शेठ रोज विचारायचे, "पुस्तकं कधी उचलता? कापूस काय डोक्यावर ठेवू?" काल खोकी सुरतेच्या गाडीत चढली. वर्षभर मी ती वाळवी-उंदरांपासून जपली, एका पानाला दात लागू दिला नाही. मी मात्र गाडीत चढलो नाही.

मुंबईची हवा मानवत नाही, असं तुला लिहिणार होतो. पण लहानपणापासून माझं खोटं तूच पकडत आलीस. नोकरी गेली, ताई.

शेत काकांच्या गळ्यात टाकून मी मुंबईच्या लायब्ररीत "कागदे झटकाले" गेलो, म्हणून आई तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती, हे तुला ठाऊकच आहे. आपलं कोरीट इथून हाकेवर. पण मी गेलो की ती चुलीकडे तोंड करून बसायची. आणि दसऱ्याला बघतो तर वखारीच्या दारात आपली बैलगाडी, आणि हातात ताट घेऊन आई! म्हणाली, "बैलले टिळा लावी उनू, नांगरले लावी उनू. तुन्हं आऊत कोठे शे? दखाड."

मी एक खोकं उघडलं. वाटलं, एखाद्या पुस्तकाला बोट लावेल नि झालं. पण तिने हळद-कुंकू ओलं कालवून आणलं होतं. "एकले लावा नि दुसराले नही, आसं कसं चाली?" म्हणत तिने चामडी पुठ्ठ्याच्या एकेका पुस्तकाला बोटं टेकवली. ती पुस्तकं किती मोलाची, ते मला माहीत होतं. तरी थांब म्हणायला जीभ रेटेना. तीन वर्षांनी आई माझ्या कामाला हात जोडत होती गं.

ती गेल्यावर पुसायला बसलो, पण रंग चामड्यात मुरला होता. दिवाळीनंतर आमचे ग्रंथपाल तपासणीला आले, डाग बघून लालबुंद झाले. कोणी केलं विचारलं. मी म्हटलं, मीच; दसऱ्याला आमच्यात अवजारं पूजतात. आईचं नाव घेतलं असतं तर समज देऊन सोडलंही असतं, पण तिच्याबद्दल जे बोलले असते ते माझ्याने ऐकवलं नसतं.

उद्या कोरीटला जातो. आई हल्ली आल्यागेल्याला सांगते, "मन्हा पोऱ्या पुस्तकेसना राखणदार शे." तिला सांगणार, कंटाळलो, मीच नोकरी सोडली. पूजलेलं आऊत टाकलं म्हणून ती भडकेल, पुन्हा अबोला धरेल. धरू दे. तू मध्ये पडून खरं सांगायला जाशील, म्हणून आधीच बजावतो. दाजींनाही बोलू नकोस. आईचा अबोला मी तीन वर्षं सोसला, आणखीही सोसेन. पण आपल्याच हाताने पोराचं काम गेलं हे कळून ती रडली, तर ते मला सोसायचं नाही.

तुझा भाऊ,
रतिलाल