अस्सल देशी बाग, प्लॉट नंबर बारा

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.
पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत निसर्ग मंडळाचा ठराव झाला. ज्याच्या बागेत देशी झाडं आणि जीव जास्त, तो दर रविवारी शाळेच्या मुलांना निसर्ग शिकवणार. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण? पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं टायपिंग केलं, कुणी कधी काही विचारलं नाही. आता मुलं विचारतील. हे मला मनापासून हवंय.

५ ऑगस्ट.
शेजारच्या देवरामचं अंगण बघवत नाही. घोटीकडचा माणूस. टाकळा, कुर्डू, वाटेल ते उगवू देतो. याला बाग म्हणायचं तर उकिरड्यालाही गार्डन म्हणावं लागेल.
माझ्याकडचा टाकळा उपटला. देवराम कुंपणावरून म्हणाला, साहेब, नका उपटू, त्याच्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालत्यात. अडाण्याला काय सांगणार? स्पर्धा देशीची आहे, तणाची नाही.

१० ऑगस्ट.
नर्सरीतून अस्सल आपल्या मातीतली रोपं आणली. झेंडू, सदाफुली, कॉसमॉस. कुंपणाची घाणेरी मुद्दाम राखली. देवरामला म्हटलं, बघून शिक. तो म्हणाला, बरं.

१४ ऑगस्ट.
कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी. हलत होतं! फवारा मारला. साधना म्हणाली, अहो, फुलपाखराच्या अळ्या असतील. आमच्या हिला सगळीकडे फुलपाखरंच दिसतात. संध्याकाळी कढीपत्ताच मुळासकट काढला. बाग चकाचक.

२४ ऑगस्ट, रविवार.
मंडळाच्या हर्षाली मॅडम मोजणीला आल्या. वय असेल सत्तावीस. झेंडू? मेक्सिकोचा. कॉसमॉस? तोही. सदाफुली मादागास्करची, घाणेरी दक्षिण अमेरिकेची. मी विचारलं, दसऱ्याचं तोरण काय मेक्सिकोत बांधतात? त्या हसल्या नाहीत. शेवटी कढीपत्त्याचा खड्डा बघून त्या म्हणाल्या, इथे काय होतं?
देशी: शून्य. ऐन वेळी साधा सरडाही फिरकला नाही. मेल्याला परवाच हुसकलं होतं.
देवराम: त्रेचाळीस. वशिला असणार.

३१ ऑगस्ट, रविवार.
देवराम शिकवतो. मॅडमनी मला वर्गात बसायला सुचवलं. बाकी सगळे तिसरीतले. राखी नावाच्या पोरीने विचारलं, आजोबा, तुम्ही नापास झालात का? कान तापले. फार लाज वाटली.
देवरामने एक पान दाखवलं. राखी म्हणाली, आघाडा. बरोबर निघालं.
पण हात मी आधी वर केला होता.