तुर्की मालिकेतला थोरला भाऊ

३ जानेवारी १९८७, शनिवार. श्रूजबरी, अमेरिका.
नव्या वर्षाचा संकल्प: दीपाला लग्नाचं स्पष्ट विचारायचं. आज आली होती. शनिवारी सकाळी दहाला केबलवर तुर्की मालिका लागते, आणि तिच्या घरी केबल नाही. सबटायटल्स नसतात, म्हणून अर्थ मी अंदाजानं सांगतो. दोन भाऊ, दोघांचं प्रेम एकाच मुलीवर. थोरला कष्टाळू, कमी बोलणारा. म्हणजे मीच. धाकटा नुसता होडीत बसून गातो. विचारायचं राहिलं. बर्फ पडत होता.

१० जानेवारी.
मी म्हटलं, शेवटी मुलगी थोरल्यालाच मिळणार. आमचा प्रसन्न म्हणाला, दादा, ती धाकट्यावर मरते, सरळ दिसतंय. याला काय कळतंय! आईबाबा गेल्यापासून मीच याचा बाप, अमेरिकेत आणला तोही मीच. दीपा हसली. माझ्या बाजूनं असावी. रस्ते निसरडे, म्हणून तिला सोडायला प्रसन्नला पाठवलं. चार मैलांना दोन तास लागले. ट्रॅफिक असेल.

२४ जानेवारी.
ऑफिसात आठवडाभर मरमर. अंग दुखतंय. सोमवारपासून जिम. मालिकेत थोरला रडला, मलाही रडू आलं. दीपानं टिश्यू दिला. डबा प्रसन्नच्या मांडीवर होता, बिचारीला त्याच्याजवळ सरकावं लागलं.

३१ जानेवारी.
मालिका कॅन्सल. तरी दीपा आली, तीन तास बसली. म्हणजे ती मालिकेसाठी येत नाही! आज विचारणारच होतो, पण प्रसन्न हलेना. जिमला पुढच्या सोमवारी.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा.
दीपाच्या आईचा, सरलाकाकूंचा फोन. एरवी ‘अरे गुरू’, आज एकदम ‘अहो गुरुदत्तराव’. उद्या चहाला या, महत्त्वाचं बोलायचंय, एकटेच या. राव! असं जावयालाच म्हणतात. सूटला इस्त्री केली. प्रसन्नला सांगितलं तर चक्क पाया पडला. गुणी आहे पोरगा.

७ फेब्रुवारी.
काकूंनी पोहे केले होते. म्हणाल्या, आईवडील नाहीत, घरात वडीलधारे तुम्हीच, तेव्हा प्रसन्नसाठी रीतसर तुम्हालाच विचारते. त्याचं आणि दीपाचं ठरलंय. पण थोरल्याआधी धाकट्याचं कसं करायचं? तुमचं जमेपर्यंत दोघं थांबायला तयार आहेत.

मी पोहे संपवले. गार झाले होते. म्हटलं, काकू, त्यांना थांबवू नका. मला लग्न करायचंच नाही, केव्हाच ठरवलंय.

वाटलं, काकू म्हणतील, असं कसं, तुमचं वय ते काय. एकदा तरी आग्रह करतील. त्यांनी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. जूनमधला शनिवार धरलाय. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

दीपा दारापर्यंत आली. कालपर्यंत मला अरेतुरे करायची. आज म्हणाली, दादा, सावकाश ड्राइव्ह करा.

मी हो म्हटलं.