माझ्यासारखीच दुसरी घरात असताना

मी, शिवणकाम करणाऱ्या आईची एकुलती मुलगी, आमच्या घरातली पहिली पदवीधर आणि शहराच्या रक्षक पथकातली सर्वांत नवी सभासद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीला पाडलेलं नाही. घाई मात्र आहे.

कारण नोंदवते. पुलावरच्या आकाशात फट पडली आहे. तिच्यापलीकडे आपल्यासारखंच जग आहे आणि तिथेही आमचंच पथक होतं. तेच चेहरे, तेच पोशाख. ते जग कोसळतं आहे आणि त्याचा ढिगारा आपल्यावर पडतो आहे. श्वास रोखून धरता येईल तोपर्यंत मी पडणारी वस्तू हवेत थांबवू शकते. उद्या मी पलीकडे जाऊन कोसळणारं धरायचं आणि बाकीच्यांनी फट इकडून बुजवायची. परतीची वाटही तीच आहे.

कलम १. घर भाड्याचं आहे. माझी खोली आईने घ्यावी आणि शिलाई मशीन खिडकीपाशी हलवावं. अभ्यासाचं टेबल मांडून इतकी वर्षं तिचा उजेड मी अडवला.

कलम २. माझा पोशाख संग्रहालयाला देऊ नये. आईला त्याच्या पिशव्या शिवायच्या असतील तर शिवाव्यात. कापड चांगलं आहे.

कलम ३. चौकातल्या भिंतीवर पथकाचं चित्र आहे, त्यात मी अगदी कडेला, पाण्याच्या पाइपामागे अर्धी आहे. मी गेल्यावर मला मध्ये आणू नये. तिथेच राहू द्यावं, म्हणजे चित्रकाराला आठवण राहील.

कलम ४. पलीकडची मी फटीतून इकडे पडली, तेव्हापासून आमच्याच घरी राहते. तिचंही नाव माझंच, म्हणून आम्ही तिला दुसरी म्हणतो. तिची आई तिकडच्या ढिगाऱ्यात गेली, ताकदही तिकडेच संपली. तुझ्याऐवजी मी जाते, असं ती मला रोज म्हणते. नुसत्या म्हणण्याने काय होणार, हे दोघींनाही कळतं.

पूर्वी आमच्या पथकातले पोलादकाका कामगिरीवर मारले गेले, तेव्हा पलीकडचे पोलादकाका त्यांच्या जागी आले. तोच आवाज, तेच बळ. गेलेल्यासाठी पथक मिनिटभरही थांबलं नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "हे चहात साखर घेत नाहीत गं. बाकी सगळं तेच."

म्हणून या कलमात मी लिहिलं होतं, की माझ्यामागे आईने दुसरीला माझ्या नावाने हाक मारू नये, आणि एकदा तरी फक्त माझ्यासाठी रडावं. वकिलांनी ते खोडायला लावलं. मृत्युपत्राने वस्तू देता येतात, कोणाला रडायला लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी पुष्कळ वाद घातला आणि हरले. एकच रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं.

कलम ५. माझी पुस्तकं दुसरीला. तिचं कॉलेज परीक्षेआधीच कोसळलं. भिंतीवरची पदवी मात्र माझी आहे, तिने स्वतःची मिळवावी. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तू माझ्यापेक्षा खडूस आहेस." ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही असं कळल्यामुळे पुस्तकं आजच तिच्या हातात दिली.

शेवटी एक खुलासा. आम्हा दोघींची सही एकच, अंगठ्याचा ठसाही एकच. तेव्हा वकिलांनी आईला बोलावलं आणि मृत्युपत्र करणारी कोण, तिच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितलं. माझा डावा खांदा पहिल्याच कामगिरीत मोडून किंचित खाली आला आहे. आई कपडे त्या बेतानेच शिवते. तिने नेमका तोच खांदा धरला. मग दुसरा हात दुसरीच्या खांद्यावर ठेवला.

"बाई, एकच," वकील म्हणाले.

"तुम्ही लिहा," आई म्हणाली. हात काढले नाहीत.

दुसरीच्या खांद्यावरचा हात स्थिर होता. माझ्या खांद्यावरचा थरथरत होता, त्यामुळे खालची सही वाकडी आली आहे. ती माझीच समजावी.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. दोन्ही पोलादकाकांच्या पत्नी. २. दुसरी.
स्थळ: आईच्या शिलाई मशीनशेजारचं टेबल
दिनांक: निघण्याचा आदला दिवस, दुपार