ब्रेकातली हवा

६ जानेवारी २००२, रविवार
दिलीपची गाडी आली एकदाची. जुनीच, पण पुसून पुसून चकचकीत केली आहे. सिलतऱ्याचा कारखाना सुटल्यापासून माझा हा धाकटा भाऊ तोंड पाडून बसायचा. आज हसला. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून प्रत्येक सरकारी खात्याला भाड्याच्या गाड्या हव्यात, तिथे लावणार म्हणतो.
पसंत अर्थात ह्यांनी केली. बॉनेटवर तळहात, डोळे मिटलेले. "इंजिन बोलून राहिलं, दिलीप. घेऊन टाक." हे भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून. ट्रकवाल्यांचं जे कानावर पडतं तेवढंच भांडवल. स्वतःला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणीही गाडी घ्यायची तर आधी ह्यांना दाखवतात. मलाही बरं वाटतं त्याचं, खोटं का बोला.

१५ जानेवारी
काल संक्रांत. दिलीप आणि मंदा तिळगूळ घेऊन आले. दि. म्हणाला, "भाऊजी, ब्रेक खाली जाऊन राहिला. दोन-तीनदा दाबा लागते." हे म्हणाले, "तुहा पाय नवीन आहे. जमन हळूहळू." मंदाला पटलं नाही. तिनेच हट्ट धरला की मिस्त्रीला दाखवा. ह्यांना ते लागलं. पोळी अर्धीच खाल्ली.

१९ जानेवारी
दि. गाडी आमच्या दारात ठेवून खात्यात अर्ज द्यायला गेला. मागाहून मिस्त्री आला, चक्कर मारून आणली. म्हणाला, "भैया, ब्रेक में हवा है. निकालनी पड़ेगी, गाड़ी छोड़ दो."
हे हसले. "हाँ, हवा तो रहेगी ही! बिना हवा के ब्रेक लगता है क्या? भनपुरी में दिनभर यही देखते हैं हम."
मिस्त्री ह्यांच्याकडे बघत राहिला. मी चहा घेऊन दारातच होते. तो चहा प्यायला आणि गेला. "कामं काढाले पाहते हे लोक," हे मला म्हणाले.
संध्याकाळी दि. आला. "मिस्त्री पाहून गेला. सब ओके." एवढंच ह्यांनी सांगितलं त्याला. किल्ली फिरवत गेला.

२७ जानेवारी
लिहवत नाही. अभनपूरला बाजाराजवळ गाडी थांबलीच नाही. एक म्हातारा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. जागीच गेला.
दिलीप एकटाच होता गाडीत. डावा हात मोडला. लोकांनी मारलं ते वेगळं. पोलीस आले म्हणून वाचला. केस झाली आहे, बेपर्वाईने गाडी चालवल्याची.
म्हाताऱ्याची सून दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मी बाजूने गेले. थांबायला हवं होतं. पाय थांबले नाहीत.

२८ जानेवारी
दवाखान्यात दिलीपने विचारलंच. "भाऊजी, ब्रेक काहून नाही लागला?"
"घाबरलास तू. उशिरा दाबला. नव्या माणसाचं असंच होते."
दि. ने मान हलवली. लहानपणी मास्तरांनी चूक दाखवली की हलवायचा, अगदी तशी. मंदा माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा तांब्या भरायला उठले.

३१ जानेवारी
हे धड जेवत नाहीत. आज दुपारीच घरी आले, चपला न काढता खुर्चीवर बसले.
"हवा ट्रकाच्या ब्रेकात राहते. लहान गाडीत तेल राहते. त्यात हवा शिरली का ब्रेक गेला."
भनपुरीत कुणाला तरी आडून विचारलं असणार.
"मले काय माहीत होतं."
लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून 'माहीत नव्हतं' हे पहिल्यांदा ऐकलं. कुठे ऐकायचं आणि कधी. मिस्त्रीचं काय, म्हटलं. तर म्हणाले, पोलिसांच्या धाकाने तो आता ओळखही दाखवत नाही. मग हळूच, "दिलीपले सांगू नको. मी तोंड कसं दाखवू?"
कीव आली. आणि संताप इतका की ह्यांच्यासाठी वाढलेलं ताट उचलून आत नेलं. माणूस मेला, आणि ह्यांना स्वतःच्या तोंडाची पडली आहे.

९ फेब्रुवारी
जामीन झाला. दि. कडे गेले होते. गळ्यात हात बांधून पलंगावर बसला होता. बोलता बोलता उजवा पाय फरशीवर दाबत होता. सारखा.
"दाबला होता ताई मी. म्हंजे... मले वाटते का दाबला होता."
कुठली कुठली आठवण काढतो. म्हणतो, आपल्या हातून माणूस मेला, आता स्टेअरिंगला हात लावणार नाही. कोर्टात कबूल करणार आहे.
"भाऊजी म्हणते, सांगून टाक, नवीन होतो, पाय चुकला. सजा कमी होते. भाऊजी आहेत म्हणून ताई, नाहीतर मले कोण सांगतं?"
चहाचा कप खाली ठेवला. सांगणार होते. मंदा आली, चेहरा बघितला तिचा, आणि उठले. रिक्षात रडले. रिक्षावाल्याने काय झालं म्हणून विचारलं, "का होगे दीदी?" काही नाही म्हटलं.

१० फेब्रुवारी, रविवार
सकाळी ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगता की मी सांगू? पेपर वाचत राहिले. पान उलटलं नाही.
परवा कबुली आहे दिलीपची. एकदा तो बोलून गेला की आयुष्यभर तेच खरं मानेल. माझ्या ओळखीचा आहे त्याचा स्वभाव.
साडी नेसून बाहेर आले. "कुठं?" "दिलीपकडे." मग पेपर घडी करून ठेवला. "थांब. मी पण येतो."
सांगायला येताहेत की मला गप्प बसवायला, चेहऱ्यावरून काही कळत नाही. आत शर्ट बदलताहेत. तेवढ्यात हे लिहिते आहे. रिक्षा दारात उभी आहे.