मेपलचा सुजलेला पाय

कोल्टर,

मेपलचे नाल काढायला नालबंदाला आणते आहे. तान्ही टेस माझ्यासोबत आहे. नालांत बर्फाचे गोळे बसतात, घोडी घसरेल, असं काल म्हटलं तर तू हसलास, “अगं, घोडी आहे ती, तान्हं बाळ नाही!” आता तिचा पुढचा पाय बघ. वसंतातल्या डोंगरवाटांसाठी तयार व्हावी म्हणून मी मेपलला हिवाळाभर, टेसला पोटाशी बांधून, रोज टेकडीपर्यंत चालवलं. तू एका दौडीत सगळं घालवलंस.

पिण्याचं पाणी कोमट करून दे. पायाला दर तासाला बर्फ लाव, तुला आवडतो ना बर्फ? दुपारी येते म्हणून मेपलला सांग.

खोगीर शोधू नकोस. ते माझ्या गाडीत आहे.

मार्नी