मेरिगल शाखेचे सातवे नाव

मी, लॉर्ना आयव्ही ट्रेगेन्झा, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार सायलो रस्ता, मेरिगल, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके जागेवर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. छातीबद्दल त्यांनी जे लिहिले ते वेगळे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. शाळा मी सातवीत सोडली, सभेचे नियम पुस्तकातून शिकले. भाषा चुकली तर अर्थ सांभाळून घ्यावा.

१. घर, परसातली लिंबाची झाडे आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी ग्लेनिस हिला. व्यवस्था पाहणारीही तीच. ग्लेनिस, ओव्हनचे दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नाही.

२. माझे दिवंगत यजमान मर्व्ह यांची सुतारकामाची हत्यारे शाळेला. त्यातला रंधा १९९४ पासून डेस हॅनाफिनकडे आहे. तो त्याचाच समजावा, कोणी मागू नये.

३. पक्षाच्या मेरिगल शाखेची मी एकतीस वर्षे चिटणीस आहे. चहाचा बंब, सभागृहाची किल्ली आणि सर्व हजेरीवह्या शाखेच्या. मात्र १९९५ सालच्या वहीबद्दल इथे लिहिणे भाग आहे.

त्या वर्षी उमेदवार ठरवायचा होता. डेस उभा होता. आपल्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद होऊ द्यायचा नाही, एवढेच तो बोलत होता. सभेआधी शहरातून पक्षाचे सोमर्स आले. म्हणाले, "लॉर्ना, ही चौदा नावं हजेरीत लिहून टाक. मतं त्यांनी आमच्याकडे दिली आहेत. वॉर्डाचं आम्ही बघतो. शब्द देतो." मला वाटले, डेसच्या भांडणापेक्षा वरच्यांचा शब्द पक्का. चौदाही नावे मी लिहिली. वेगवेगळ्या पेनांनी लिहिली.

डेस उभा राहून म्हणाला, "ही चौदा माणसं बसलीत कुठे? खुर्च्या तर रिकाम्या दिसतायत!"

मी म्हणाले, "हात धुवायला गेलीत."

सगळे हसले. डेसने टोपी उचलली आणि गेला. नऊ मतांनी पडला, आणि शाखा कायमची सोडली.

वॉर्ड अकरा महिन्यांनी बंद झाला. पुढच्या वर्षी ग्लेनिसला बाळंतपणासाठी गाडीने एकशे चाळीस किलोमीटर नेत होतो. मुलगी रस्त्यातच झाली. अर्धा तास होती. घरी आल्यावर मी कपबशा धुतल्या, स्वच्छ असलेल्याही. ग्लेनिस, चौदा नावांचे तुला कधी सांगितले नाही. आता कागदावर सांगते आहे, हेही मला कळते.

४. तेव्हापासून दरवर्षी मी शाखेत वॉर्ड उघडण्याचा ठराव मांडते, तो मंजूर होतो, राज्य अधिवेशनात जातो, आणि उत्तर येते : नोंद घेतली. अशी सत्तावीस उत्तरे ड्रॉवरमध्ये आहेत. बेकरीत डेस भेटला की विचारतो, "काय गं लॉर्ना, घेतली का नोंद?" मी म्हणते, "घेतली रे बाबा." तो पाव घेऊन जातो. एवढेच बोलणे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असे मी सभासदांना सांगत आले. पण आडात माती कोणी लोटली, हे नाही सांगितले.

५. शाखेत आता सात माणसे उरली आहेत, मला धरून. सातांहून कमी माणसांच्या लागोपाठ दोन सभा झाल्या की शाखा मोडते आणि ठराव मांडायला जागा राहत नाही. म्हणून मला पुरायचे ते महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सभेच्याच दिवशी. त्यानंतर सर्वांनी सभागृहात यावे, चहा घ्यावा. भाषणे नकोत. ग्लेनिसने हे तिसरे, चौथे आणि पाचवे कलम मोठ्याने वाचावे. वाचवत नसेल तर दुसऱ्या कोणी. डेसला बोलावणे धाडावे. येणार नाही म्हणाला तर रंधा परत मागायला जावे, म्हणजे भांडायला तरी येईल.

६. हजेरीवहीत सभासदत्वाचा एक अर्ज ठेवला आहे. सुचवणारी म्हणून माझी सही आहे. सुचवणारी जिवंत हवी असे नियमांत कुठे नाही. मी दोनदा शोधले. नावाची जागा कोरी आहे. डेसचे अक्षर मला चांगले काढता येते, पण हे नाव मी लिहिणार नाही, आणि दुसऱ्या कोणी लिहू नये. त्याने लिहिले तर लगेच ठराव मांडावा. नाही लिहिले तर त्याला बोल लावू नये. बंब रिकामा करावा, दिवे मालवावे आणि किल्ली त्याच्याच हातात द्यावी.

वरील सर्व मी दोन साक्षीदारांदेखत पुन्हा वाचून सही केली. साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही असे कळले, म्हणून कॅरलच्या नावचा केकचा साचा खोडला आहे. ती हरकत नाही म्हणाली.

सही : लॉर्ना आयव्ही ट्रेगेन्झा

साक्षीदार :
१. कॅरल बेनेके, बेकरी, मेरिगल
२. रॉस पेंगिली, टपाल कचेरी, मेरिगल

मेरिगल, मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४. आज सभा आहे. सात येतील.