गुळाचं बिस्कीट आणि माझं नाक

६ जानेवारी २०२४
ओव्हन आला! गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये क्रेननं उतरवला. लक्ष्मीपुरीतले व्यापारी हसतात — "लालासाब, साठीत बिस्किटं? येड लागलंय व्हय तुला?" लागू दे. तेहतीस वर्षं घाऊक किराणा केला, दुसऱ्यांच्या बिस्किटांची खोकी विकली. आता माझं विकणार. गुळाचं, गव्हाचं. मैदा नाही, साखर नाही. ढेप फोडली की गूळ नवा की जुना, मी वासावरनं सांगतो. अख्ख्या बाजाराला माझं नाक माहीत आहे!

१९ जानेवारी
पहिला घाणा निघाला. शिवाजी पेठेतल्या बेकरीत जन्म घालवलेला आकाराम भट्टी सांभाळतो. चहात बुडवून बघितलं आणि म्हणाला, "मालक, तुटंना की!" पॅकिंगला माझी बायको मेहमुदा, सोबत कामाला सात बायका. गूळ, वेलची, सुंठ — हे प्रमाण मात्र मीच मिसळतो. मग दहाला दुकान.

२ मार्च
कागल, गडहिंग्लज, नेसरी — सगळीकडून परत मागणी. प्रमाण जमलं. जमणारच!

२२ एप्रिल
आकाराम जेवायला गेलेला. मी ओव्हनजवळच उभा, फोनवर. मेहमुदा पॅकिंगच्या खोलीतून धावत आली — "अहो, जळालंय की! वास येत न्हाय व्हय तुमास्नी?"
दार उघडलं. सगळे ट्रे काळे ठिक्कर. तिला तिकडे आला वास. मी ओव्हनपासून दोन हात अंतरावर उभा!
सर्दी झालीय म्हणालो. सर्दी नाही.

२३ एप्रिल
हिंगाच्या डब्यात नाक खुपसलं. काही नाही. अत्तर लावून बघितलं. काही नाही.

३० एप्रिल
राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो. म्हणाले, "एकदम नाही गेलेला. दोन-तीन वर्षं हळूहळू कमी होत आला असणार. परत येईल असं सांगत नाही."
रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं — दोन-तीन वर्षं? मग जानेवारीपासून जमलंय ते प्रमाण कुणाचं?

२ मे
आकारामला बाजूला घेतलं. म्हणाला, "मालक, तुमी दुकानाला गेलासा की वहिनी येत्यात. पीठ चाखून बघत्यात. वेलची वाढवत्यात, सुंठ कमी करत्यात. पयल्या घाण्यापास्नं."
सात बायकांना माहीत. भट्टीवाल्याला माहीत. मलाच नाही!
घरी आल्या आल्या विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"
मेहमुदा भाकरी थापत होती. थांबली नाही. "गॅसचं बटन उघडं राहिलंतं. तुमी शेजारी पेपर वाचत बसलासा. त्या दिवसापास्नं."
"मग सांगितलं का नाहीस?"
"नाकावर सगळा बाजार जिंकल्याला माणूस तुमी. कुठल्या तोंडानं सांगू?"
राग आला. तिचा नव्हे.

९ मे
पुण्याच्या मोठ्या दुकानांचे खरेदी बघणारे विजयसिंह साहेब आले. हा माणूस हो म्हणाला तर माल जिल्ह्याबाहेर जाणार. मेहमुदानं बिस्किटांच्या दोन बश्या ठेवल्या. दोन्हीतलं चाखून त्यांनी विचारलं, "दोन्हींत फरक काय केलाय?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. सवयीनं बिस्कीट नाकाशी नेलं. काहीतरी ठोकून देणं सोपं होतं — इतकी वर्षं माल विकलाय. पण म्हणालो, "साहेब, मला वास येत नाही. चव हिची आहे. हिलाच विचारा."
मेहमुदानं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "ह्ये उन्हाळ्याचं, सुंठ कमी. त्ये पावसाळ्याचं. पावसात घसा धरतोय न्हवं लोकांचा? दोनी दिवसांस्नी एकच चव कशी चालंल?"
साहेबांनी तिसरं बिस्कीट उचललं.
वाटलं होतं, ते गेल्यावर लाज वाटेल. नाही वाटली. छाती हलकी झाली. पुणं काही म्हणू दे, बिस्कीट आमचं खरं आहे!

२० मे
पुण्याचा होकार आला. पत्र तिच्या नावानं — सौ. मेहमुदा लालासाब मुल्लाणी. पीठ मळायच्या खोलीशी गेलो. ती आत होती. उंबऱ्याशी थांबून विचारलं, "येऊ का?"
"हात धुवून या," म्हणाली.